पूर्ण जबड्याचे इम्प्लांट: कवळीपासून भाकरीपर्यंत

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दारात उभी राहून मी "या ना, बसा" म्हणाले आणि 'बसा'च्या 'सा'वर वरची कवळी सुटून खालच्या ओठावर आली. बायका भल्या होत्या, कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मी वर सहा आणि खाली चार इम्प्लांट बसवून घेतले. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. साताऱ्यात आणि लेकीकडे पुण्यात माझ्या वयाच्या इतक्या जणींनी "काय काय करावं लागतं हो?" असं विचारलं, की शेवटी म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं. मी शाळेत मराठी शिकवायचे, डॉक्टर नाही. औषधगोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. बाकी वाट मात्र मी स्वतः चालून आलेय.

आधी हे काय असतं ते

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, म्हणजे दाताचं मूळ. त्यावर एक छोटा जोड बसतो आणि जोडावर दात. एकच दात गेला असेल तर एक स्क्रू, एक दात. पण अख्खा जबडा रिकामा असेल तर दातागणिक स्क्रू लागत नाही. चार ते सहा स्क्रूंवर सगळ्या दातांची एकच कमान बसवतात.

या कमानीत बहुधा बाराच दात असतात. माझ्या नणंदेनं तोंडात डोकावून पहिला प्रश्न हाच केला, "उरलेले चार कुठं गेले?" शेवटच्या स्क्रूच्या मागं दात जितके लांब लोंबतील तितका चावताना स्क्रूवर ताण येतो. भिंतीतल्या खुंट्यांवर फळी ठेवली आणि टोकाला पाण्याची कळशी ठेवली तर जे होईल तेच. म्हणून दोन्ही बाजूंच्या मागच्या दोन-दोन दाढा मुद्दाम सोडतात. चावायला त्यांची उणीव मला तरी भासलेली नाही.

टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क या संशोधकांना १९५२ च्या सुमारास सशांच्या हाडांवर प्रयोग करताना दिसलं. हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी काढायला गेले तर ती निघेना. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले आणि ते त्या गृहस्थांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, टिकले. पुढे १९९० च्या दशकात लिस्बनच्या पाउलो मालो यांनी चार स्क्रूंची पद्धत रूढ केली. पुढचे दोन सरळ, मागचे दोन तिरके. जबड्याच्या मागच्या भागात वर सायनसची पोकळी असते आणि खाली ओठाला संवेदना देणारी नस. दात गेल्यावर तिथलं हाडही झिजतं. स्क्रू तिरका घातला की पोकळी आणि नस दोन्ही टळतात, पकडही लांब मिळते आणि बऱ्याचदा बाहेरून हाड भरायची वेळ येत नाही.

पायरी पहिली: तोंडाआधी अंगाचा हिशेब

दवाखाना शोधण्याआधी एक कागद घ्या आणि आपले आजार, आपली औषधं आणि आपल्या सवयी खऱ्याखऱ्या लिहून काढा. खऱ्याखऱ्या असं मुद्दाम म्हणतेय.

साखर असेल तर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी आधी करून घ्या. साताच्या आसपास असेल तर डॉक्टर निश्चिंत असतात. आठाच्या वर गेली की बहुतेक जण "आधी साखर आणा, मग या" म्हणतात. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनानं बंद करू नका. हृदयाचे डॉक्टर आणि दातांचे डॉक्टर यांनी एकमेकांशी बोलून काय ते ठरवू दे. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा सहा महिन्यांचं इंजेक्शन घेत असाल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. यातल्या काही औषधांमुळे जबड्याची जखम भरत नाही, हाड उघडं पडतं. बायका हे हटकून विसरतात, कारण ते औषध गुडघ्या-कमरेच्या डॉक्टरांनी दिलेलं असतं आणि दातांशी त्याचा काय संबंध असं वाटतं. मान किंवा जबड्याला रेडिएशन झालेलं असेल तर तेही सांगा.

आता तंबाखू. मी मिश्री लावायचे. सासूबाईंनी लावली, मी लावली, दात घासण्याचं निमित्त. शाळेत मुलांना तंबाखूबंदीवर निबंध लिहायला सांगायचे आणि घरी पितळी डबी. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी "नाही" म्हणाले. त्यांनी हिरडीवरून बोट फिरवलं आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं. तंबाखूनं हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम उशिरा भरते आणि इम्प्लांट वाया जाण्याचा धोका वाढतो. मग तो ओढा, चघळा नाहीतर हिरडीला चोळा, धोका आहेच. मिश्री सुटायला मला तीन महिने लागले, आणि त्यांनी ऑपरेशनही तोवर पुढे ढकललं. सुपारी-गुटखा खाणाऱ्यांचा आणखी एक घोटाळा असतो. तोंड पुरेसं उघडतच नाही. आपली तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का पाहा. जात नसतील तर मागे हत्यार कुठून घालणार?

पायरी दुसरी: तुम्हाला खरंच हेच हवंय का

तीन पर्याय असतात आणि चांगला डॉक्टर तिन्ही सांगतो.

पहिला, साधी कवळी. स्वस्त, महिन्याभरात तयार. वरची बऱ्याच जणांना छान बसते. खालची मात्र जिभेबरोबर नाचते, कारण तिला धरून ठेवायला टाळू नसतो.

दुसरा, दोन इम्प्लांटवरची बटणाची कवळी. खालच्या जबड्यात पुढे दोन स्क्रू, त्यावर गुंड्या, आणि कवळी त्यावर टिचबटणासारखी टक्कन बसते. रात्री काढायची, धुवायची. २००२ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, सगळे दात गेलेल्या खालच्या जबड्याला साध्या कवळीऐवजी हाच पहिला पर्याय मानावा असं म्हटलं. आपल्याकडे याची जाहिरात फार दिसत नाही. त्यात कमाई कमी असावी असा माझा तरी संशय आहे.

तिसरा, हा पूर्ण पक्का जबडा. घरी काढता येत नाही. त्याच्या खाली हिरडी आणि दात यांच्यामध्ये बारीक फट असते आणि ती रोज साफ करावी लागते. हात थरथरत असतील, नजर अधू असेल, किंवा उद्या तोंड दुसऱ्या कुणी साफ करायची वेळ येणार असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की बटणाची कवळी बरी. माझ्या ऐंशी वर्षांच्या मावशीला मी तेच सांगितलं. ती रागावली, पण तिनं ऐकलं.

जाहिराती दिसतात, "तीन दिवसांत पक्के दात". त्यातले पुष्कळसे बेसल पद्धतीचे असतात. एकसंध लांब स्क्रू, खोलवरच्या कडक हाडात पकड घेणारे. हाड फारच झिजलेल्यांना काही वेळा ते उपयोगी पडतात. पण त्यावरचे दात बहुधा सिमेंटनं चिकटवलेले असतात, सहज सोडवता येत नाहीत. एक स्क्रू बिघडला तर अख्ख्या कामाला हात लावावा लागू शकतो. घाई असेल तरी हा प्रश्न विचाराच: "एक गेला तर काय करणार?"

पायरी तिसरी: माणूस निवडणं

आपल्याकडे बीडीएसनंतर एमडीएसच्या ज्या शाखा आहेत त्यात 'इम्प्लांट तज्ज्ञ' अशी स्वतंत्र शाखा नाही. पाटीवर काय लिहिलंय याला म्हणून फारसा अर्थ नाही. कृत्रिम दात बसवण्याचे तज्ज्ञ म्हणजे प्रोस्थोडॉन्टिस्ट, हिरड्यांचे म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट आणि जबड्याचे सर्जन, अशा तिन्ही शाखांचे लोक इम्प्लांट करतात. साधे बीडीएस असून वर्षानुवर्षं हेच काम करून तयार झालेलेही असतात. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलेला असतो, तो पाहा.

मी पहिल्यांदा जिथे गेले तिथे स्क्रू कुठल्या देशाचा, मशीन किती लाखांचं, हेच तासभर चाललं होतं. कोटेशन स्वस्त वाटलं म्हणून मी आगाऊ रक्कमही भरली. नंतर लेकीनं कागद वाचला तर त्यात दातच नव्हते. म्हणजे स्क्रू होते, तात्पुरते दात होते, आणि कायमच्या दातांचे पैसे "मटेरियलनुसार" वेगळे. आगाऊ रकमेतली निम्मीच परत मिळाली. दोष माझाही. आयुष्यभर मुलांना 'उतारा नीट वाचा' सांगितलं आणि स्वतः वाचला नाही.

म्हणून दुसरीकडे जाताना प्रश्न लिहून नेले. दात कोण बसवणार, तुम्ही की बाहेरून येणारे कुणी? स्क्रू घालायला बाहेरचे सर्जन येत असतील तर ऑपरेशननंतर रात्री फोन कुणाला करायचा? कमान स्क्रूनं बसवणार की चिकटवणार? सहा महिन्यांनी ती काढून साफ कराल का, आणि त्याचे किती? दोन-तीन वर्षांपूर्वी केलेला एखादा रुग्ण भेटवाल का? या शेवटच्या प्रश्नावर डॉक्टरांनी तिथल्या तिथे एका आजोबांना फोन लावून दिला. आजोबा दहा मिनिटं फक्त कणसाबद्दल बोलले. मला तेवढं पुरलं.

पायरी चौथी: स्कॅन आणि जुना फोटो

साध्या एक्स-रेत हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. त्यासाठी सीबीसीटी स्कॅन लागतो. उभं राहायचं, हनुवटी टेकवायची, यंत्र डोक्याभोवती फिरतं, मिनिटभरात काम होतं. पडद्यावर तुमचा जबडा पावासारखा काप काप करून दिसतो. माझ्या वरच्या जबड्यात मागे हाड उरलंच नव्हतं, सायनस खाली उतरला होता. चार वर्षं कवळी वापरल्याचा तो परिणाम. दाढ काढल्यावर तिथल्या हाडाची रुंदी पहिल्या वर्षातच साधारण निम्म्यानं कमी होते, हे मला तेव्हा कळलं. "बघू पुढच्या दिवाळीनंतर" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. हाड अगदीच नसेल तर गालाच्या हाडात जाणारे लांब झायगोमॅटिक स्क्रू असतात, पण तो मोठ्या ऑपरेशनचा आणि निष्णात सर्जनचा विषय आहे.

स्कॅन बघून लगेच स्क्रूच्या जागा ठरवू लागले तर थांबवा. आधी दात कुठे असावेत ते ठरतं, मग त्या दातांखाली स्क्रू. घर बांधताना आधी खोल्या आखतात, मग खांब. आमच्या डॉक्टरांनी पहिलं काय मागितलं असेल तर लग्नातला फोटो, ज्यात मी हसतेय असा. १९८० चं लग्न, सगळ्या फोटोंत मान खाली! शेवटी बीएडच्या सहलीतला एक सापडला. त्यावरून पुढचे दात किती दिसायचे, ओठ कुठपर्यंत वर जायचा हे त्यांनी मोजलं.

पायरी पाचवी: पैसे

पुण्या-मुंबईत एका जबड्याला साधारण दीड-दोन लाखांपासून पाच-सहा लाखांपर्यंत सांगतात. फरक पडतो तो स्क्रूची कंपनी, संख्या, कायमच्या दातांचं मटेरियल आणि डॉक्टरांचा अनुभव यांनी. नोबेल बायोकेअर, स्ट्रॉमन या युरोपातल्या महाग कंपन्या. कोरियाची ऑस्टेम, इस्राएलची अल्फा-बायो त्याहून स्वस्त. माझे ऑस्टेमचे आहेत. कंपनी नावाजलेली असावी एवढंच बघा, कारण पंधरा वर्षांनी एखादा छोटा स्क्रू बदलायचा झाला तर तो बाजारात मिळाला पाहिजे. माझे दोन्ही जबड्यांचे मिळून साडेसहा लाख झाले, दात काढण्यापासून कायमच्या दातांपर्यंत, चार टप्प्यांत.

आरोग्य विम्यात अपघात सोडला तर दातांचं काम सहसा बसत नाही. पॉलिसी वाचा, पण आशा धरू नका. पैशांची अडचण असेल तर दंत महाविद्यालयांत चौकशी करा. मुंबईत सेंट जॉर्जेसच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, महापालिकेचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, गोव्यात बांबोळी. तिथल्या प्रोस्थोडॉन्टिक्स विभागात जाऊन विचारायचं. फेऱ्या जास्त पडतात, वेळ लागतो, पण काम शिक्षकांच्या नजरेखाली होतं.

परदेशातून सुट्टीत येऊन करून जाणारे बरेच असतात. त्यांनी दोन फेऱ्या धरूनच चालावं. पहिली दोन-तीन आठवड्यांची, दुसरी चार ते सहा महिन्यांनी कायमच्या दातांसाठी. एकाच फेरीत सगळं उरकून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करावा.

पायरी सहावी: ऑपरेशनचा दिवस

गंमत म्हणजे ज्या दिवसाची सगळ्यात भीती वाटते, त्यात आपल्याला काही करायचंच नसतं. जेवून, रोजच्या गोळ्या घेऊन जा, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. गुंगीचं इंजेक्शन देणार असतील तर मात्र उपाशीपोटी बोलावतात. मला हिरडीतच भूल दिली, वर थोडी गुंगी. दुखत नाही. कंप कळतो, आवाज कळतो आणि पाणी कळतं. हाडात छिद्र पाडताना सलाइनची धार सतत सोडतात, कारण हाड ४७ अंशांच्या वर मिनिटभर जरी तापलं तरी त्या पेशी मरतात आणि मग स्क्रू रुजत नाही.

आधी खालचे हलणारे सात दात काढले. मग हाडाची कड घासून सपाट केली आणि एकेक स्क्रू पिळला. पिळताना मापाचा पाना असतो, त्यावरचा आकडा डॉक्टर मोठ्यानं सांगत होते आणि सिस्टर लिहून घेत होत्या. "पस्तीस... चाळीस... पस्तीस." हा पीळ साधारण ३५ न्यूटन-सेंटीमीटर किंवा वर मिळाला तर लगेच तात्पुरते दात देता येतात. कमी मिळाला तर स्क्रू हिरडीखाली झाकून तीन-चार महिने थांबतात आणि तोवर कवळी वापरायला देतात. तसं झालं तर तो डॉक्टरांचा कमीपणा समजू नका. हाडच मऊ असतं.

साडेपाच तास लागले, मध्ये अर्ध्या तासाची सुट्टी. जातानाच ओठांना भरपूर व्हॅसलीन लावा. माझे कोपरे फाटले आणि टाक्यांपेक्षा तेच जास्त दुखले.

पायरी सातवी: पहिले तीन महिने, आणि तिळाची वडी

पहिला दिवस बर्फाचा शेक, डोक्याखाली दोन उश्या, जोरात थुंकायचं नाही, स्ट्रॉनं प्यायचं नाही. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त येते. त्या दिवशी आरशात पाहून घाबरू नका. गालावर निळंपिवळं पडतं, ते आठवड्याभरात उतरतं. ताप आला, सूज चौथ्या दिवसानंतरही वाढत राहिली, पू आला, रक्त थांबेना, किंवा खालचा ओठ-हनुवटी भूल उतरल्यावरही बधिरच राहिली तर वाट न बघता फोन करा. शेवटचं लक्षण नसेचं असतं, त्यात वेळ महत्त्वाची.

माझे तात्पुरते दात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसले. अ‍ॅक्रिलिकचे, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकचे, हलके. घरी आल्यावर यांनी पाहिलं आणि म्हणाले, "बीएडची सहल!"

खाण्याचं सांगते, कारण छापील कागदावर 'सूप, स्मूदी' लिहिलेलं असतं आणि आपल्या घरात ते कोण करणार? पहिले दोन दिवस गार ताक, गार दूध, नाचणीची आंबील, कोमट. मग मऊ गुरगुट्या भात आणि मुगाचं वरण, तूप घालून. तांदळाची उकड, शिरा, लापशी, दुधीची शिजवून घोटलेली भाजी, पिकलेलं केळं. टाके निघाल्यावर दुधात कुस्करलेली पोळी. ज्वारीची भाकरी कुस्करूनसुद्धा जरा उशिरानंच. तिचे कण टाक्यांत जाऊन बसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या दिवशी स्क्रू घट्ट असतो तो नुसत्या पिळामुळे, भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा. नंतर त्याच्याभोवतीचं जुनं हाड थोडं विरतं आणि नवं भरू लागतं. या अदलाबदलीत तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पकड सगळ्यात कमी असते. आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं, सूज उतरलेली असते, पाहुणे "आता काय, नवे दात!" म्हणत शेंगदाणे पुढे करतात. दुखत नाही म्हणजे रुजलं, असं अजिबात नाही.

मी पहिले सहा आठवडे शहाण्यासारखी वागले. सातव्या आठवड्यात संक्रांत आली. तिळाची वडी मऊ असते हो, पण माझ्या जावेचा पाक कडक झाला होता. कट्ट असा आवाज आला आणि खालची तात्पुरती कमान सुळ्यापाशी तडकली. स्क्रू वाचले. पुण्याला जाऊन सांधून आणावी लागली, दोन हजार रुपये आणि भरपूर बोलणी. तात्पुरती कमान तडकली तर लगेच दाखवा. तुटक्या कमानीवर चावत राहिलात तर सगळा भार दोनच स्क्रूंवर येतो.

पायरी आठवी: कायमचे दात

खाली साधारण तीन महिने, वर चार ते सहा. वरचं हाड मऊ असतं म्हणून जास्त. मग पुन्हा मापं, चावण्याची पट्टी, आणि एक कच्चा नमुना तोंडात घालून बघतात. या नमुन्याच्या दिवशी घाई करू देऊ नका. कायमचे दात झाले की बदल करणं महाग पडतं. घरचं कुणीतरी सोबत न्या, दिवसाच्या उजेडात आरसा बघा, आणि बोला.

डॉक्टर इंग्रजीत साठ ते सत्तर आकडे म्हणायला सांगतात, 'स' तपासायला. मी म्हटलं, त्यापेक्षा आपले मराठी घ्या: त्रेसष्ट, चौसष्ट, सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट. स, ष, ट, सगळ्यांची परीक्षा एकदम होते. त्यातून सुटलात तर 'चमचा' आणि 'चहा' म्हणून बघा. आपल्याकडे च दोन आहेत. 'चमचा'तल्या चला जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागच्या कडेशी जातं, 'चहा'तल्या चला जीभ टाळूला पसरून लागते. माझ्या नमुन्यात 'चहा' ठीक होता, 'चमच्या'त शिट्टी वाजत होती. वरच्या पुढच्या दातांची मागची बाजू जाड झाली होती. त्यांनी ती तिथल्या तिथे घासली, पुन्हा चमचा, पुन्हा घासली, पुन्हा चमचा. शेवटी शिट्टी गेली. 'फळा'ही म्हणून बघितलं, सवयीनं.

मटेरियलमध्ये झिरकोनिया, म्हणजे चिनीमातीच्या जातीचं, दिसायला सुंदर, डाग पडत नाहीत, पण कडक. वर-खाली दोन्ही झिरकोनिया असतील तर चावताना बशीवर बशी आपटल्यासारखा टकटक आवाज येतो. टायटॅनियमच्या पट्टीवर अ‍ॅक्रिलिकचे दात स्वस्त पडतात आणि दुरुस्त करता येतात, पण झिजतात. मी वर झिरकोनिया आणि खाली पट्टीवरचे अ‍ॅक्रिलिक घेतले. सगळ्यांनी हेच घ्यावं असं नाही. माझ्या खिशाचा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याचा तो मेळ होता. रात्री दात खायची सवय असेल तर आधीच सांगा, रात्री घालायची पट्टी करून देतात. खऱ्या दाताच्या मुळाभोवती दाब ओळखणारा पडदा असतो, इम्प्लांटला तो नसतो. आपण किती जोरात चावतोय हे कळतच नाही.

कमान बसवून तिचे छोटे स्क्रू घट्ट केले की वरच्या भोकात पांढरी पट्टी भरतात आणि दातांच्या रंगाचं सिमेंट लावून बुजवतात. ती पट्टी म्हणजे नळ गळू नये म्हणून प्लंबर गुंडाळतो तीच टेफ्लॉनची. साडेसहा लाखांत ती बघून मला फार बरं वाटलं.

त्या संध्याकाळी लेकीनं चहा केला. कवळीनं टाळू झाकलेला असतो, या कमानीत तो मोकळा असतो. चार वर्षांनी टाळूला चटका बसला. भाकरी दुसऱ्या दिवशी, गरम, कडा कुरकुरीत, ठेच्याबरोबर.

पायरी नववी: रोजची दहा मिनिटं

इम्प्लांटला कीड लागत नाही, हे खरं. पण हिरडी सुजते, पू होतो आणि स्क्रूभोवतीचं हाड विरघळतं, तेही न दुखता. नीट निगा राखली तर दहा वर्षांनी शंभरातले नव्वदहून अधिक इम्प्लांट जागेवर असतात. निगा म्हणजे काय, तर मऊ ब्रश दोन वेळा, आणि कमानीच्या खालून जाणारं काहीतरी एकदा. मी रात्री पाण्याच्या धारेचं यंत्र वापरते, वॉटर फ्लॉसर. बेसिनवर वाकून, तोंड किंचित उघडं ठेवून, आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही बाजूंनी. पहिल्या आठवड्यात आरसा, भिंत आणि मी, तिघं भिजलो. वीज नसेल तेव्हा जाड स्पंजसारखा भाग असलेला सुपरफ्लॉस, ओवायच्या सुईसारखा खालून घालून ओढायचा. सुपारी दातानं फोडायची नाही, मटणाची नळी दातानं उघडायची नाही. कणीस, पेरू चालतं.

दर सहा महिन्यांनी तपासणी. माझी कमान डॉक्टर वर्षातून एकदा पूर्ण काढतात. पहिल्या वेळी हातात घेऊन पाहिली तर खालच्या बाजूला, डावीकडे, एक पिवळट रेघ होती. "उजव्या हातानं काम करता ना? डावीकडची मागची बाजू सुटतेय." तेव्हापासून डावीकडून सुरुवात करते.

आणि एक कार्ड मागून घ्या, मिळत नसेल तर हट्ट करा. त्यावर प्रत्येक इम्प्लांटची कंपनी, जाडी, लांबी आणि बॅच क्रमांक यांचे स्टिकर असतात. त्याचा फोटो काढून मुलांच्या फोनवरही ठेवा. गेल्या मे महिन्यात आम्ही दापोलीला होतो आणि वरच्या कमानीचा एक छोटा स्क्रू सैल होऊन ती किंचित हलायला लागली. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या कंपनीचा?" प्रत्येकाचा पेचकस वेगळा असतो. लेकीनं फोटो पाठवला, त्यांनी कपाटातून तो पेचकस काढला आणि वीस मिनिटांत काम झालं.